वाघिणी, डिकी आणि समुच्चयक

‘मालगाडीच्या वाघिणी रुळांवरून घसरल्या’ असं वर्तमानपत्रात छापून आलं तर ठाण्यातल्या कुणालाही येऊरचं जंगल आठवत नाही. वाघीण म्हणजे मालडबा, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजीतला वॅगन हा मुळात घोडे किंवा बैल जुंपलेला चार चाकांचा अवजड गाडा. तो रेल्वेने उचलला, यार्डात काम करणाऱ्यांच्या तोंडी पडला आणि त्यांनी त्याची सरळ वाघीण करून टाकली. तिला स्त्रीलिंग दिलं, अनेकवचन दिलं, ‘वाघिणीत सिमेंट भरलं’ म्हणण्याइतकी ती घरची केली. यासाठी कुणी परिभाषा समिती नेमली नव्हती, हरकती-सूचना मागवल्या नव्हत्या. तरीही छपाईच्या मराठीने तो शब्द स्वीकारला, आजतागायत सोडलेला नाही.

हे आत्ता सांगण्याचं कारण असं. महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा २०२२ साली झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. ठाणे आणि नवी मुंबईच्या पालिकांनी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने, परिवहन उपक्रमांनी मराठी वापरायची की नाही, हा वाद आता कागदावर तरी संपला आहे. कोणती मराठी वापरायची, यावर मात्र कुणी बोलत नाही. जे बोलतात ते एकच कसोटी लावतात: शब्द आपला की परका? माझ्या मते ही कसोटीच फसवी आहे. शब्द कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या हातातोंडातून गेलाय, हे पाहायला हवं. आणि हे ताडून पाहायला जुन्या घोडागाड्यांच्या शब्दांइतकं चांगलं सामान दुसरं नाही, कारण घोडे गेले तरी ते शब्द रोज आपल्या रस्त्यांवरून धावतायत.

ठाण्यापासूनच सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यात पोचली. चौतीस किलोमीटरचा प्रवास, चौदा डबे, चारशेच्या आसपास प्रवासी आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. लोकांनी या नव्या प्रकाराला आगगाडी म्हटलं. गाडी ओळखीची होती, बैलाच्या जागी आग आली एवढंच. त्याच काळात छापील मराठीत ‘अग्निरथ’ हा भारदस्त शब्दही फिरत होता. आज तो फक्त विनोदात उरलाय. आगगाडीसुद्धा हळूहळू बालगीताच्या वयाची झाली आणि ठाणेकराच्या तोंडी नुसती ‘गाडी’ राहिली. ‘गाडी लेट आहे’ म्हटलं की लोकल, ‘गाडी लावून येतो’ म्हटलं की स्कूटर, ‘गाडी घेतली’ म्हटलं की चारचाकी, आणि वडापावची असली तर तिला इंजिनही लागत नाही. बैलगाडीच्या काळातला दोन अक्षरांचा शब्द दीडशेहून अधिक वर्षं सगळी ओझी वाहतोय, आणि त्याची कुणी कधी डागडुजी केलेली नाही.

इंग्रजांनीही याहून वेगळं काही केलं नाही. रेल्वे आली तेव्हा त्यांनीही घोडागाडीचेच शब्द उचलून रुळांवर ठेवले. ‘कोच’ हे हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलं. तिथे बनणाऱ्या गाड्या पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपभर नावाजल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना गमतीने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. म्हणजे नौपाड्यातला कोचिंग क्लास, दादोजी कोंडदेव स्टेडियमवरचा कोच आणि एक्स्प्रेसचा एस-फोर कोच हे तिघेही एका हंगेरियन खेड्याचे वंशज आहेत. रेल्वेचा ‘गार्ड’ही तिथलाच. इंग्लंडात टपालाच्या घोडागाडीच्या मागच्या बाजूला लुटारूंपासून रक्षण करायला हत्यारबंद माणूस बसायचा, तो गार्ड. हत्यार गेलं, हिरवा-लाल झेंडा आला, नाव तेच राहिलं. आपल्या रेल्वेने २०२२ च्या जानेवारीत ते बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. पदाची प्रतिष्ठा वाढवायला म्हणून केलं असेल तर तक्रार नाही. पण फलाटावरची माणसं अजून ‘गार्डाचा डबा’च म्हणतात.

कॅबची गोष्ट तर त्याहून मजेदार. फ्रान्समध्ये दोन चाकांच्या हलक्या घोडागाडीला कॅब्रिओले म्हणत, कारण ती बोकडासारखी टुणटुण उडायची. लॅटिनमधला बोकडाचा शब्द तिच्या पोटात आहे. त्या नावाची शेपूट कापली आणि कॅब झाली. आपल्या मोटार वाहन कायद्यातही ती ‘मोटरकॅब’ म्हणून बसली आहे, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात एक बोकड उडतोय. बस तर याच्याही पुढची. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२० च्या दशकात घोडे जोडलेली एक मोठी गाडी सुरू झाली. तिचं ‘ऑम्निबस’ हे नाव म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. त्यातलं ‘सर्व’ गळून गेलं आणि मागे ‘बस’ राहिलं, ते व्याकरणाच्या भाषेत चतुर्थीच्या अनेकवचनाच्या प्रत्ययाचं शेपूट. १९८९ पासून धावणारी ठाण्याची टीएमटी काय किंवा नवी मुंबईची एनएमएमटी काय, आपण रोज एका विभक्तिप्रत्ययात उभे राहून प्रवास करतो. शाळेत ‘स, ला, ते’ घोकताना हे कुणी सांगितलं असतं तर घोकंपट्टी जरा सुसह्य झाली असती.

आणि डॅशबोर्ड! घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल पुढे बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या तोंडाशी जी फळी बसवत, ती डॅशबोर्ड. आता ते मोटारीतलं मीटरचं फलक झालं आणि तिथून संगणकावर गेलं. पालिकांचेही डॅशबोर्ड असतात, त्यावर तक्रारींचे आकडे हिरव्या रंगात झळकतात. साहेबांच्या अंगावर चिखल उडू न देणं हे मूळ काम त्यातले काही डॅशबोर्ड अजून इमानेइतबारे करतात, असं माझं मत आहे.

या प्रत्येक शब्दाचा अर्थ काम करणाऱ्यांनी, वापरणाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, कधी निव्वळ कंटाळा येऊन शेपूट कापणाऱ्यांनी बदलला. त्यातले निम्मे शब्द इंग्रजांचेही स्वतःचे नव्हते. शेजाऱ्यांकडून आणले, वापरून झिजवले, आपले केले. ‘व्हॅन’ तर पूर्वेकडची आहे: फारसी कारवाँ युरोपात गेला, ‘कॅरॅव्हॅन’ झाला, इंग्रजांनी त्याचं पुढचं अर्धं अंग कापलं आणि उरलेलं ‘व्हॅन’ आपल्याकडे स्कूल व्हॅन होऊन परत आलं. मागे खोल गेलं तर आपलं आणि परकं हा भेदच पातळ होतो. चक्र, सायकल आणि इंग्रजीतलं ‘व्हील’ एकाच मुळाचे. गाडीचा आस संस्कृत ‘अक्षा’वरून आला, इंग्रजीतला ‘ॲक्सल’ त्याचा सख्खा चुलत भाऊ. बैलाच्या मानेवरचं जू ‘युगा’वरून आलं आणि इंग्रजीतला ‘योक’ही त्याच घराण्यातला. चाक आणि जू यांची नावं इतक्या साऱ्या भाषांनी वाटून घेतली असताना ‘डिकी’ला मात्र हद्दपारीची नोटीस काढायची, याला काय म्हणावं?

डिकी घ्याच. घोडागाडीत गाडीवानाची किंवा मागच्या बाजूला नोकरांची जी बैठक असे तिला इंग्रजीत ‘डिकी’ म्हणत. जुन्या मोटारींतही मागे उघडणारी तशी जागा असायची. पुढे तिथे माणसांऐवजी सामान गेलं. इंग्रज स्वतः त्या जागेला आता वेगळं नाव देतात. आपण मात्र डिकी सोडली नाही. उलट ती स्कूटरलाही बसवली. ‘हेल्मेट डिकीत टाक’, ‘डिकीत पिशवी आहे बघ’ ही वाक्यं इतकी मराठी आहेत की त्यांच्यात परकं काही उरलेलंच नाही. जिथे जन्मली तिथे ही डिकी विसरली गेली आणि मानपाड्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सुखाने नांदतेय.

टप हा शब्दही तसाच टिकून आहे. टांग्याचा टप, मग रिक्षाचा टप, मग एसटीच्या टपावर बांधलेली ट्रंक. खटारा म्हणजे एके काळी ओझं वाहणारा साधा गाडा. आज ज्याची मोटार जुनी झाली त्याला चिडवायला तो वापरतात. टमटम ही साहेबी अमदानीतली दोन चाकांची, एका घोड्याची हलकी गाडी. राज्याच्या कितीतरी भागांत आज सहा-आसनी तीनचाकीला टमटम म्हणतात. पनवेल-पेणच्या पट्ट्यात तसल्याच गाडीला मिनीडोअर म्हणतात, ते एका मॉडेलचं नाव होतं. ‘शिग्राम’ मात्र गेला. शीघ्र धावणारी म्हणून शिग्राम, असा तो मुंबई इलाख्यातला भाड्याच्या गाडीचा झोकदार शब्द होता. गाडी गेली, तिची जागा घेणारं दुसरं काही त्या नावाने आलं नाही, म्हणून शब्दही गेला. एखाद्या ॲपने आपल्या सेवेला ते नाव दिलं तर मी आनंदाने बसेन.

शब्द वाक्प्रचारांत शिरला की त्याला मरण नाही. गाडीच्या चाकांनी पडलेली वाट ती चाकोरी. पनवेलमध्ये चाक बनवणारा एकही सुतार उरला नसेल तरी ‘चाकोरीबाहेरचं करिअर’ या विषयावर व्याख्यानं होतच राहणार. सुतारांचा उल्लेख उगाच नाही केला. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली खुला झाला आणि घाटावरचा माल पनवेलच्या बंदरावर उतरू लागला. गाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा मुख्य धंदा असल्याची आणि देशावरून आलेले गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जात असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या वर्कशॉपांची भाषा आपल्या तोंडात अजून आहे: पदाची धुरा, संसाराचा गाडा, कामाला जुंपणं, महागाईला लगाम, झापडबंद विचार. खोगीर घट्ट बसावं म्हणून त्यात जो चिंध्या-गवताचा भरणा करत ती खोगीरभरती, आणि निवडणुकीच्या तोंडावर पक्षांमध्ये होते तीही खोगीरभरतीच. नव्या पोरांनी या यादीत ‘टांगा पलटी, घोडे फरार’ची भर घातली. त्यातल्या बहुतेकांनी टांग्यात पाऊलही ठेवलेलं नाही. कल्याण स्टेशनबाहेरचे टांगे आठवणारी पिढी त्यांच्या आईबापांची किंवा आजी-आजोबांची. तरी भिशीचा पैसा घेऊन कुणी पळाला की तेच चार शब्द सुचतात.

एवढं सगळं असताना एक गोष्ट खटकते, आणि तिथे शुद्धतावाद्यांशी माझं थोडं जमतं. शब्दांच्या या प्रवासात श्रीमंतांच्या वाहनांचे शब्द वर चढले आणि गरिबांचे खाली घसरले. ‘सेडान’ म्हणजे माणसांनी उचलून वाहून नेण्याची बंद खुर्ची, आपल्याकडच्या मेण्याची बहीण. आज ॲपवर सेडान मागवली की भाडं वाढतं. कापून छोट्या केलेल्या घोडागाडीला फ्रेंच भाषेत कूपे म्हणत; आपल्या रेल्वेत कूपे मिळाला की माणूस नातेवाइकांना फोन करतो. बग्गी लग्नाच्या वरातीत राहिली आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपतींनाही घेऊन आली. याउलट खटारा, छकडा, एक्का यांतल्या एकालाही मान मिळाला नाही. शब्दात दोष नव्हता. तो ज्याच्या अंगणात उभा होता त्याला पत नव्हती.

आणि रथ? मराठीतलं सगळ्यांत प्रतिष्ठेचं वाहन. त्याची आजची कामं पाहा: निवडणुकीत प्रचाररथ, संचलनात चित्ररथ आणि शेवटी वैकुंठरथ. जिवंत माणसाला रोजच्या कामाला नेणारा एकही रथ उरलेला नाही. संस्कृत शब्दाला आपण इतकं उंच बसवलं की तो जमिनीवर उतरायचंच विसरला. सरकारने लायसन्सच्या संकेतस्थळाला ‘सारथी’ नाव दिलं, चांगलंच आहे. पण ठाण्यात मर्फीच्या आरटीओबाहेर उभा असलेला माणूस ‘लायसन काढायचंय’ म्हणतो, आणि ‘लायसन’ हे ‘वाघीण’च्याच जातीचं मराठी आहे.

माझ्याविरुद्ध एक युक्तिवाद होईल, आणि तो हलका नाही. सगळं लोकांवर सोपवलं तर उद्या मराठीत क्रियापदंच तेवढी मराठी उरतील. शिवाय घडवलेले शब्दही रुजतात: ‘महापौर’ हा सावरकरांनी दिलेला शब्द आज कुणाला कृत्रिम वाटतो? मान्य. महापौर रुजला, कारण तो सहज उच्चारता येतो, ‘महापौरांना’, ‘महापौरपद’ असा वाकतो, आणि रोज कुणी ना कुणी त्या खुर्चीवरून भांडतं. माझा आक्षेप घडवण्याला नाही. घडवून झाल्यावर तो शब्द तोंडात बसतो का, हे न तपासता फलकावर रंगवण्याला आहे. तसंच इंग्रजीचंही. ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा पूल म्हणजे ‘सॅटिस’, हा एका इंग्रजी योजनेच्या नावाच्या आद्याक्षरांचा गोळा. पूर्ण नाव दहातल्या नऊ ठाणेकरांना सांगता येणार नाही. पण ‘सॅटिसवर ये’, ‘सॅटिसखाली रिक्षा मिळेल’ असं सगळे म्हणतात, म्हणजे तो पचला. नवी मुंबईत ‘सेक्टर’ पचला, ‘आमच्या सेक्टरात पाणी नाही’ म्हणतात. ‘नोड’, म्हणजे सिडकोने आखलेलं उपनगर, मात्र सिडकोच्या नकाशातून आणि बातम्यांतून बाहेर पडला नाही. ‘लास्ट माइल कनेक्टिव्हिटी’ तर कुठल्याच विभक्तीत बसत नाही. ती फक्त सादरीकरणाच्या पडद्यावर राहते. जो शब्द वाकतो, ज्याचं अनेकवचन होतं, ज्याने शिवी किंवा म्हण तयार होते, तो आपला. जो ताठ उभा राहतो तो पाहुणा, मग तो लंडनचा असो की पाणिनीच्या अंगणातला.

हा सगळा भाषेच्या हौशी लोकांचा खेळ आहे असं वाटत असेल तर भाड्याच्या वाहनांचा कायदा पाहावा. तिथे शब्द चुकला की खिशाला कात्री लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहतुकीचे दोन मोठे प्रकार आहेत, आणि दोघांचीही नावं घोडागाडीच्या काळातली. पहिला ‘स्टेज कॅरेज’. जुन्या इंग्लंडात ठरावीक अंतरावर घोडे बदलत, ते अंतर म्हणजे स्टेज, आणि भाडं त्यानुसार. मराठीत याला ‘टप्पा वाहतूक’ म्हणतात. हे भाषांतर उत्तम आहे, कारण टप्पा हा शब्द आधीच रस्त्यावर होता. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, कंडक्टर टप्प्यांवर भाडं सांगतो, प्रवासी ‘एक टप्पा वाढला’ म्हणून कुरकुरतो. सगळ्यांना कळतं, म्हणून सगळ्यांना भांडता येतं.

दुसरा प्रकार ‘काँट्रॅक्ट कॅरेज’, म्हणजे पूर्ण वाहन ठरवून घेणं, वाटेत तिऱ्हाइताला न घेता. याचं मराठी ‘कंत्राटी वाहतूक’. आता कंत्राटी म्हटलं की आपल्याला कंत्राटी सफाई कामगार आठवतो. रिक्षात बसलेल्या बाईला आपण एका कराराचा पक्ष आहोत, हे त्या शब्दातून कळण्याची सुतराम शक्यता नाही. आणि गंमत म्हणजे रस्त्यावर याला चोख शब्द आहे. ठाणे जिल्ह्यात कुठल्याही स्टँडवर विचारा: एका माणसाची जागा ती ‘सीट’, आणि पूर्ण रिक्षा हवी असेल तर ‘स्पेशल’. ‘स्पेशल करता का?’ या तीन शब्दांत कायद्याची अख्खी व्याख्या बसते. शेअर रिक्षात तिघे वेगवेगळं भाडं देतात तरी कायद्याच्या लेखी ती कंत्राटी वाहतूकच राहते, कारण कायद्यात रिक्षाही मोटरकॅबच, आणि मोटरकॅबला व्याख्येत तशी मोकळीक दिली आहे. हे बारकावे लोकांना समजवायचे तर ‘सीट’ आणि ‘स्पेशल’ या शब्दांनीच समजवता येतील. स्टँडवरच्या भाडेफलकावर हे शब्द का छापत नाहीत? ते मूळचे इंग्रजी आहेत म्हणून? मग ‘मीटर’ काय आहे?

सगळ्यांत मोठा घोळ आत्ता चालू आहे. टांगेवाला, गाडीवान, कोचमन, सईस हे शब्द गेले, ड्रायव्हर आला. ॲपने त्याला ‘पार्टनर’ केलं, कुठे ‘कॅप्टन’ केलं. मालकीत वाटा नसलेला हा भागीदार कसला? आणि जी कंपनी स्वतःची एकही गाडी न ठेवता गिऱ्हाईक आणि गाडीवाला यांची गाठ घालून देते, भाडं ठरवते आणि त्यातून आपला हिस्सा कापते, तिला सरकारी मराठीने ‘समुच्चयक’ हा शब्द शोधला. इंग्रजी ‘ॲग्रीगेटर’चं शब्दशः भाषांतर म्हणून बिनचूक. पण घणसोलीच्या नाक्यावर चहा पिणाऱ्या कॅबवाल्याला विचारा, समुच्चयक कोण? तो तुमच्याकडेच संशयाने बघेल.

घणसोलीपासून फार लांब नाही, वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत या नात्याला शेकडो वर्षं मुरलेला शब्द आहे: अडत्या. माल त्याचा नसतो, घेणारा तो नसतो, मधे उभा राहून तो गाठ घालून देतो आणि अडत कापतो. ॲप आणि अडत्या अगदी एक नाहीत. बाजारात भाव लिलावाने किंवा रुमालाखालच्या बोटांनी का होईना, दोन माणसांत ठरतो. ॲप तो स्वतःच ठरवतं आणि दोघांनाही वेगवेगळा दाखवू शकतं. पण म्हणूनच तुलना उपयोगी आहे, कारण फरक कुठे आहे ते ताबडतोब दिसतं. अडत शेतकऱ्याकडून घ्यायची की खरेदीदाराकडून, हा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गाजला. २०१६ साली सरकारने ती खरेदीदारावर टाकली तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, शेतकरी संघटना उतरल्या, गावोगाव चर्चा झाली. शेवटचा शेतकरीसुद्धा त्या चर्चेत भाग घेऊ शकला, कारण ‘अडत’ म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कॅबवाल्यांचा आणि प्रवाशांचा नेमका हाच वाद आहे: अडत किती, कुणाच्या खिशातून, आणि ती पावतीवर दिसणार की नाही. नियमात, फॉर्मवर, पावतीवर ‘अडत’ असं छापलं तर निम्मी लढाई लोक स्वतःच लढतील. ‘समुच्चयक शुल्क’ छापलं तर ती वकिलांकडे जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आणि थोडी कटकटीची आहे. वाहतुकीशी संबंधित कुठलाही नवा मराठी शब्द नियमात किंवा फलकावर जाण्याआधी तो वापरणाऱ्यांसमोर ठेवावा: रिक्षा संघटना, बस कंडक्टर, माथाडी, रोजचे प्रवासी. ठाण्यात मेट्रोची कामं चालू आहेत, नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरपासून धावतेय, विमानतळही आलाय. शेकडो नव्या पाट्या लागतील, नवी कामं येतील, त्यांची नावं पडतील. लोकलच्या घोषणेत ‘बारा डब्यांची गाडी’ ऐकू येते, ते अस्सल मराठी आहे. मेट्रोत शिरल्याबरोबर त्याच डब्याचा ‘कोच’ का व्हावा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, नंतर २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बिनघोड्याच्या व्हिक्टोरिया आल्या आणि नाव तेच राहिलं. मग डब्याने काय पाप केलं?

दुसरी गोष्ट घाईची आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि त्यात बैलगाडीच्या सुट्या भागांपर्यंतचे शब्द सापडतात, कारण ते बोलणाऱ्यांकडून गोळा केले होते. असं काम आता पुन्हा करायला हवं. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे. पालिकेने पैसे द्यावेत, संग्रहालयाने दोन-चार तरुण नेमावेत आणि त्यांनी पुस्तकांच्या आधी माणसांकडे जावं. खोपटच्या एसटी आगारातले जुने मेकॅनिक, वागळे इस्टेटमधले गॅरेजवाले, तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवरचे क्लीनर, कल्याणचे टांगेवाले जे कुणी हयात असतील ते, पनवेलच्या सुतारांची घरं. इंजिनाच्या कुठल्या भागाला ते काय म्हणतात, भाडं नाकारताना कोणता शब्द वापरतात, रिकाम्या फेरीला काय नाव आहे, हे लिहून घ्यावं. परिभाषा समितीची पुढची बैठक या वह्या टेबलावर आल्यावर लावावी.